व्याख्येतून शब्दसंपत्ती : एका जुन्या वादाचा आढावा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत नॉर्मन लुइस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हटकून सापडते. १९४९ साली अमेरिकेत निघालेले हे पुस्तक इंग्रजीच बोलत वाढलेल्या वाचकासाठी लिहिलेले होते. आज ते सांगली-नांदेडहून शहरात अभ्यासाला आलेली मुले-मुली विकत घेतात. त्यांना समानार्थी, विरुद्धार्थी आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द अशा प्रश्नांचे गुण हवे असतात. पुस्तकासोबत बहुतेकांची एक वहीही असते : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. ही वही भरून, ती पाठ करून, वरच्या पातळीचे इंग्रजी खरोखर अंगवळणी पडते का? भाषाशिक्षणाचे अभ्यासक, कोशकार आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यात हा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. त्यातले काही धागे आता सुटले आहेत, काही अजून गुंतलेलेच आहेत.

व्याख्या कुठून आली

इंग्रजीतला पहिला एकभाषिक कोश रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने १६०४ साली काढला. त्यात जेमतेम अडीच हजार शब्द होते आणि ते रोजच्या बोलण्यातले नव्हते. लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आलेले अवघड शब्द निवडून त्यांचे सोपे अर्थ त्याने दिले. म्हणजे अवघड शब्दाला सोपी व्याख्या जोडून वाचकाला वर चढवायचे, ही कल्पना इंग्रजी कोशरचनेच्या जन्मापासूनची आहे. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सन यांचा कोश आला, त्यात बेचाळीस हजारांवर शब्द होते. पण जाळीसाठीच्या साध्या शब्दाची त्यांनी केलेली व्याख्या मूळ शब्दापेक्षा कितीतरी अवघड झाली आणि तेवढ्यासाठी ती आजही सांगितली जाते. व्याख्या अचूक असणे आणि ती वाचणाऱ्याला कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून उघड आहे.

या अडचणीवरचा पहिला पद्धतशीर उपाय आपल्या उपखंडातून गेला. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना शब्दांची संख्या आवरून धरली नाही तर मूल पुढे सरकत नाही, असे त्यांना दिसले. १९३५ साली त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्याबरोबर काढलेल्या कोशात सगळे अर्थ सुमारे दीड हजार सोप्या शब्दांतच सांगितले. त्याच काळात जपानमध्ये ए. एस. हॉर्नबी शिकाऊ वाचकासाठी कोश तयार करत होते. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डच्या नावाने जगभर गेला. १९७८ च्या लाँगमन कोशाने दोन हजार शब्दांच्या मर्यादेत व्याख्या करण्याची शिस्त पक्की केली. १९८७ साली जॉन सिंक्लेअर यांच्या कोबिल्ड कोशाने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी व्याख्याच पूर्ण वाक्यात लिहिली, जसे एखादा शिक्षक वर्गात समजावून सांगेल : अमुक माणूस अमुक करतो असे तुम्ही म्हणता, तेव्हा त्याचा अर्थ असा. शब्द कोणाबरोबर येतो, कौतुकाने येतो की नापसंतीने, हेही त्या वाक्यात कळते. अशा व्याख्या लांबतात आणि मर्यादित शब्दांत लिहिताना बारकावे घासले जातात, अशी टीका दोन्ही पद्धतींवर झाली. ती अजून मिटलेली नाही.

आपल्याकडे वाट वेगळी होती. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. पुढे शाळकरी दप्तरात वीरकरांचा कोश आला. या परंपरेत व्याख्या जवळजवळ नसतेच. इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्द असतो. व्याख्येतून शब्द शिकणे हे मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन भाषांमधले काम आहे, ही गोष्ट पाश्चात्त्य चर्चेत सहसा येत नाही. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

'प्रगत' म्हणजे कोणते शब्द

वादाचा बराच भाग एका साध्या मुद्द्यावर अडतो : आपण नेमक्या कोणत्या शब्दांबद्दल बोलत आहोत? वेस्ट यांच्याच १९५३ च्या यादीत सुमारे दोन हजार शब्द आहेत आणि सामान्य मजकुराचा फार मोठा भाग त्यांनीच भरलेला असतो. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातले ५७० शब्दसमूह वेगळे काढले. अभ्यासाच्या मजकुरात शंभरातले दहा-एक शब्द त्यांतले असतात. पॉल नेशन यांचा २००६ चा हिशेब सांगतो की वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दसमूह लागतात. इथे 'समूह' म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली सगळी रूपे. मोजमापाचे एकक बदलले की आकडा किती बदलतो, हे २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसते. वीस वर्षांच्या सरासरी अमेरिकन तरुणाला सुमारे ४२ हजार शब्द येतात, पण समूह धरले तर ते अकरा हजारांच्या आसपास भरतात. म्हणून 'इतके शब्द शिका' असे सांगणाऱ्या जाहिरातीला एकक विचारल्याशिवाय अर्थ नाही.

आठ-नऊ हजारांच्या आतले आणि पहिल्या दोन-तीन हजारांच्या पलीकडचे, असा जो मधला पट्टा आहे, तोच माझ्या मते खरा प्रगत शब्दसाठा. अग्रलेख, निकालपत्र, संशोधन-निबंध, चांगली कादंबरी या सगळ्यांचे इंग्रजी या पट्ट्यात राहते. परीक्षेच्या याद्यांतले बरेच शब्द मात्र त्याच्याही बाहेरचे, वर्षभर वाचूनही न भेटणारे असतात. दोन्हींना 'कठीण शब्द' म्हणून एकाच वहीत भरले जाते. माझ्या दृष्टीने हा या पद्धतीचा सर्वांत महागडा दोष आहे, कारण श्रम तेवढेच लागतात आणि उपयोग फार थोडा होतो.

व्याख्येच्या बाजूने

पहिला पक्ष सांगतो की अर्थ सरळ सांगणे हा शब्द शिकण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. यामागे भक्कम पुरावा आहे. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा वेग मोजला, तेव्हापासून अंतरा-अंतराने उजळणी केल्यास टिकाव वाढतो हे वारंवार दिसले. जर्मनीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली चिठ्ठ्यांच्या पेटीची पद्धत मांडली. आलेली चिठ्ठी मागच्या कप्प्यात जाते आणि उशिरा पुन्हा समोर येते. न आलेली पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. आजची मोबाइलवरची उजळणीची अॅप्स हेच तत्त्व गणिताने चालवतात. २००८ साली कार्पिक आणि रोडिगर यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ शिकवले. ज्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिले त्यांना आठवड्यानंतर सुमारे ऐंशी टक्के शब्द आठवले. ज्यांना एकदा आठवलेला शब्द पुन्हा विचारला गेला नाही, फक्त वाचायला दिला गेला, त्यांची मजल पस्तीस टक्क्यांच्या आसपासच राहिली. वही उघडून वाचत बसणे आणि उजवी बाजू झाकून स्वतःला विचारणे यांत इतका फरक आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की पाठ केलेला शब्द परीक्षेपुरता राहतो, भाषेत मुरत नाही. इरिना एल्गोर्ट यांनी २०११ साली हाच मुद्दा तपासला. चिठ्ठ्यांवरून मुद्दाम शिकलेले नवे शब्द प्रगत विद्यार्थ्यांच्या मनात आपोआप, विचार न करता जागे होऊ लागले होते. हा निष्कर्ष पाठांतरविरोधी मंडळींना अडचणीचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

व्याख्या कुठे फसते

दुसरा पक्ष म्हणतो : अर्थ आठवला, पण शब्द आला का? १९८७ साली जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी अमेरिकन शाळकरी मुलांना कोशातल्या व्याख्या देऊन त्या शब्दांची वाक्ये करायला लावली. निष्कर्ष शिक्षकांनी आजही वाचावा असा आहे. 'इरोड' म्हणजे झीज होणे, या शब्दाच्या व्याख्येत खाऊन टाकणे या अर्थाचे शब्द होते. मुलाने तेवढेच उचलले आणि आपले कुटुंब खूपदा बाहेर 'इरोड' करते असे लिहिले, कारण त्याच शब्दांचा अर्थ बाहेर जेवणे असाही होतो. 'स्टिम्युलेट'च्या व्याख्येत ढवळून जागे करणे असे काही होते, म्हणून कुणीतरी सूप 'स्टिम्युलेट' केले. मूल व्याख्येतला ओळखीचा तुकडा धरते, त्या तुकड्याचे वाक्य मनात तयार करते आणि मग त्या जागी नवा शब्द बसवते. चूक मुलाच्या आळसातून आलेली नाही. व्याख्येने त्याला दिलेल्या माहितीतूनच ती तयार झाली.

पुढे मार्गारेट मॅकिओन यांनी १९९३ साली व्याख्याच सुधारून पाहिल्या. शब्दाचे मुख्य वैशिष्ट्य आधी, रोजच्या भाषेत, 'कोणीतरी', 'एखादी गोष्ट' असे शब्द वापरून सांगितले. चुका लक्षणीय कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. इझाबेल बेक यांच्याबरोबरच्या त्यांच्या पुढच्या कामातून, २००२ पासून, अमेरिकन वर्गांत एक सूत्र रुजले : रोजचे शब्द आणि विषयाच्या परिभाषेतले शब्द बाजूला ठेवा, मधल्या थरातले शब्द निवडा, ते सोप्या भाषेत समजावा आणि मग वेगवेगळ्या प्रसंगांत मुलांकडून वापरून घ्या. १९८६ साली स्टाल आणि फेअरबँक्स यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्येने उताऱ्याचे आकलन भरवशाने सुधारत नाही, व्याख्या आणि संदर्भ दोन्ही मिळाले आणि शब्द अनेकदा भेटला तर सुधारते, असे त्यांना आढळले. या क्षेत्रात सर्वांत कमी वाद झालेला निष्कर्ष बहुधा हाच.

वाचनातून शब्द

तिसरा पक्ष व्याख्येला मुळातच दुय्यम मानतो. स्टीफन क्रॅशन यांनी १९८९ साली ठामपणे मांडले की शब्द वाचनातून येतात, याद्यांतून नव्हे. या बाजूचा सर्वांत लक्षवेधी प्रयोग १९७८ चा आहे. अँथनी बर्जेस यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या कादंबरीत रशियनवरून बनवलेले परके शब्द भरपूर आहेत. शब्दार्थांची यादी नसलेली प्रत काही इंग्रजीभाषक प्रौढांना वाचायला दिली आणि नंतर अचानक परीक्षा घेतली. सरासरी तीन-चतुर्थांश शब्दांचे अर्थ त्यांना आले.

पण हे वाचक इंग्रजीच बोलत वाढलेले होते. आजूबाजूचा प्रत्येक शब्द त्यांना ठाऊक होता, आणि परके शब्द पुस्तकभर पुन्हा पुन्हा येत होते. परक्या भाषेत वाचणाऱ्याला ही सवलत नसते. संदर्भावरून अर्थ ओळखण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९९ साली निघाला, तेव्हा एका वाचनात शंभर अनोळखी शब्दांपैकी पंधराच्या आसपास शिकले जातात असे दिसले, आणि तेही शाळकरी वाचकांचे आपल्याच भाषेतले वाचन. त्यात नेशन आणि हू यांच्या २००० सालच्या निष्कर्षाची भर घाला : मदतीशिवाय नीट आकलन व्हायला शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे दर पन्नास शब्दांत एकच अनोळखी. मराठी माध्यमातून बारावी झालेला विद्यार्थी इंग्रजी अग्रलेख उघडतो, तेव्हा हे प्रमाण क्वचितच जुळते. त्याला 'वाच, म्हणजे येईल' एवढेच सांगणे अपुरे आहे. मधल्या पट्ट्यातले शब्द मजकुरात इतक्या अंतराने भेटतात की दुसऱ्या भेटीपर्यंत पहिली पुसून गेलेली असते.

वाचनवाद्यांची एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. शब्द कोणाच्या शेजारी बसतो, कुठे शोभतो, किती जड किंवा हलका वाटतो, हे व्याख्या पुरेसे सांगू शकत नाही. ते भेटीगाठींतूनच कळते.

अर्थ कोणत्या भाषेत?

आता मराठी विद्यार्थ्याचा प्रश्न. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच वाचावा, हे आपल्याकडे अनेक वर्गांत जवळजवळ तत्त्व म्हणून सांगितले जाते. मातृभाषा बाजूला ठेवण्याच्या विसाव्या शतकातल्या शिकवण्याच्या पद्धतींचा तो वारसा आहे. प्रयोगांचा कौल मात्र या तत्त्वाला सहजी साथ देत नाही. बाटिया लाउफर आणि करिन श्मुएली यांनी १९९७ साली हिब्रूभाषक विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात मातृभाषेत अर्थ दिलेले शब्द इंग्रजीत अर्थ दिलेल्या शब्दांपेक्षा जास्त टिकले. नेशन यांच्यासारखे अभ्यासकही सुरुवातीच्या ओळखीसाठी मातृभाषेचा अर्थ उघडपणे सुचवतात.

मराठीपुरते पाहिले तर याची कारणे स्पष्ट दिसतात. 'नोटोरिअस'ची इंग्रजी व्याख्या एक ओळ घेते, ते काम 'कुप्रसिद्ध' एका शब्दात करतो आणि नापसंतीची छटाही राखतो. 'चाइल्डिश' आणि 'चाइल्डलाइक' यांतला फरक इंग्रजी कोशातून शिकायला वेळ लागतो. 'बालिश' आणि 'बालसुलभ' म्हटले की तो तिथेच संपतो. दुसरी बाजूही तितकीच खरी. 'डिमांड'समोर 'मागणी' लिहिले की विद्यार्थी रजेच्या अर्जात रजा 'डिमांड' करू शकतो, कारण मराठीत विनंतीने मागणे आणि हक्काने मागणे दोन्ही एकाच क्रियापदात मावते. आणि 'अँबिव्हॅलंट'समोर 'उभयभावी' छापले तर विद्यार्थ्याला दोन परके शब्द मिळाले, अर्थ एकही नाही. नान जियांग यांनी २००० साली मांडलेला इशारा इथे लागू पडतो : परका शब्द मातृभाषेतल्या प्रतिशब्दाला चिकटला की पुढे कितीही वाचन झाले तरी तो त्याचाच अर्थ वागवत राहतो.

धातू आणि उपसर्गांवरून शब्द शिकवण्याची लुइस यांची पद्धतही इथेच तपासायला हवी. ग्रीक-लॅटिन मुळे कळली की शब्दांची कुळे ओळखीची होतात आणि लक्षात राहायला मदत होते, हे खरे. पण मुळावरून अर्थ वर्तवता येईलच असे नाही. हे समजायला मराठी वाचकाला बाहेर जायला नको. 'हृ' धातूपासूनच आहार, विहार, प्रहार आणि संहार झाले. धातू माहीत असलेला माणूस या चारही शब्दांचा अर्थ केवळ उपसर्गावरून सांगू शकेल असे कोणी म्हणणार नाही.

परीक्षांनी बदललेली बाजू

वादाला वळण मिळाले ते परीक्षांमुळेही. अमेरिकेच्या सॅटमधून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ साली गेले, साधर्म्याचे २००५ साली, आणि २०१६ पासून दुर्मीळ शब्दांची वाक्यपूर्तीही गेली. जीआरईने २०११ साली विरुद्धार्थी व साधर्म्याचे प्रश्न काढून संदर्भात शब्द बसवण्याचे प्रश्न आणले. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्यांनी पिढ्यान्पिढ्या घोकलेली बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी मागे पडली. आपल्या कॅटमध्येही भर उताऱ्यांच्या आकलनावर आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत मात्र समानार्थी, विरुद्धार्थी आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द कायम आहेत. जोवर असे प्रश्न येतात तोवर व्याख्येचे पाठांतर तर्कसंगतच राहणार, आणि त्याबद्दल विद्यार्थ्याला दोष देणे योग्य नाही.

काय अजून उरले आहे

तीन प्रश्नांवर एकमत नाही. पहिला, ओळखीपासून वापरापर्यंतचे अंतर. पाठ केलेला शब्द वाचताना कळतो, पण लिहिताना-बोलताना हाताशी कधी येतो आणि त्यासाठी किती भेटी लागतात, यावर प्रयोगांचे आकडे एकमेकांपासून फार दूर आहेत. दुसरा, मातृभाषेचा अर्थ कोणत्या टप्प्यावर सोडून इंग्रजी व्याख्येकडे वळावे. लाउफर आणि जियांग दोघेही आपापल्या टप्प्यावर बरोबर असू शकतात, पण त्यांच्या मधली रेषा कोणी आखलेली नाही. तिसरा, व्याख्या लिहिणार कोण. मॅकमिलनने आपला छापील कोश आधी बंद केला आणि ऑनलाइन शब्दकोशही २०२३ साली थांबवला. विद्यार्थी आता फोनवर शोध घेऊन पहिल्या ओळीतला अर्थ उचलतात, किंवा संगणकाला समजावून सांगायला सांगतात. मिलर-गिल्डिया यांच्या प्रयोगातल्या मुलांनी जे केले ते मोठ्या प्रमाणावर होण्याची ही परिस्थिती आहे.

या लेखात आलेले बहुतेक प्रयोग अमेरिका, इस्रायल आणि न्यूझीलंडमधल्या अभ्यासकांचे आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, सेमी-इंग्रजी वर्ग गावोगाव आहेत, आणि शब्दार्थांची वही प्रत्येक वर्गात आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि बी.एड. महाविद्यालयांना माझी विनंती अशी : मधल्या पट्ट्यातले पन्नास शब्द निवडा. एका तुकडीला मराठी प्रतिशब्द द्या, दुसरीला सोपी इंग्रजी व्याख्या, तिसरीला पूर्ण वाक्यातले मराठी स्पष्टीकरण. महिन्याने अर्थ विचारा आणि वाक्येही लिहून घ्या. आलेले निकाल शिक्षणविषयक मासिकांतून प्रसिद्ध करा.